स्थानिक वृत्तमाध्यमे लोकप्रश्नांची निवड कशी करतात?

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराकडे एका दिवसात येणाऱ्या विषयांची यादी मोठी असते. एका गावातील हातपंप तीन आठवड्यांपासून बंद असतो. दुसऱ्या गावात शाळेच्या एकाच खोलीत दोन वर्ग भरत असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असते, बाजार समितीत शेतमालाचे भाव उतरलेले असतात, पालकमंत्र्यांचा दौरा ठरलेला असतो आणि राज्य मार्गावर अपघातही झालेला असतो. जिल्हा पानावर यांपैकी दोन किंवा तीन विषयांनाच पुरेशी जागा मिळते. उरलेले विषय त्या दिवसापुरते, आणि पुष्कळदा कायमचे, सार्वजनिक चर्चेच्या बाहेर राहतात.

ही निवड केवळ पानाच्या मांडणीची बाब नाही. बातमी आल्यानंतर तहसील कार्यालयात विचारणा होते, लोकप्रतिनिधी सभागृहात प्रश्न विचारतात, कधी न्यायालय स्वतःहून दखल घेते. बातमी न आलेल्या गावाला यांपैकी कोणताही मार्ग सहज उपलब्ध होत नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, ग्रामपंचायती व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. पाणी, स्वच्छता, रस्ते, दिवाबत्ती यांविषयीचे अनेक निर्णय स्थानिक पातळीवर होऊ लागले. या निर्णयांवर लक्ष ठेवण्याचे काम प्रामुख्याने स्थानिक माध्यमांकडे येते. त्यामुळे ही माध्यमे विषय कसे निवडतात आणि कोणते विषय सुटतात, हे समजून घेणे प्रत्येक नागरिकाच्या हिताचे आहे.

निवडीची साखळी

वाचकाच्या हाती पडणारी स्थानिक बातमी अनेक टप्प्यांतून आलेली असते. गावातील माहिती देणारी व्यक्ती, तालुका वार्ताहर, जिल्हा कार्यालयातील मुख्य वार्ताहर, उपसंपादक, वृत्तसंपादक आणि शेवटी आवृत्तीचा प्रमुख असा हा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर काही मजकूर पुढे जातो, काही गळतो. संज्ञापनशास्त्रात या प्रक्रियेला ‘द्वारपालन’ असे म्हटले जाते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली. घरातील अन्न ताटापर्यंत कोणत्या मार्गाने येते आणि त्या मार्गावर निर्णय कोण घेते, याचा अभ्यास करताना त्यांना ती सुचली होती. पुढे १९५० मध्ये अमेरिकेतील अभ्यासक डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी ती वृत्तपत्राला लावून पाहिली. एका लहान शहरातील वृत्तपत्रात वृत्तसंस्थांचा मजकूर निवडणाऱ्या संपादकाने एका आठवड्यात नाकारलेल्या बातम्या व त्यांवर लिहिलेली कारणे त्यांनी तपासली. सुमारे नऊ दशांश मजकूर वगळला गेला होता. जागा नसणे हे एक प्रमुख कारण होते. मात्र अनेक ठिकाणी संपादकाची व्यक्तिगत आवडनिवडही स्पष्ट दिसत होती.

स्थानिक वृत्तपत्रात या साखळीचा पहिला दुवा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. जिल्हा कार्यालयात बसलेल्या उपसंपादकाला तालुक्यातील प्रत्येक गाव माहीत नसते. वार्ताहराने जे कळवले तेच त्याच्यापुढे येते. म्हणजेच सर्वांत मोठी निवड सर्वांत कमी मानधन घेणारी व्यक्ती करीत असते, आणि ती कोणत्याही बैठकीविना होते. जो विषय वार्ताहराने लिहिलाच नाही, तो नाकारल्याची नोंदही कोठे राहत नाही.

वृत्तमूल्ये आणि त्यांची मर्यादा

कोणती घटना बातमी ठरते, याचे पहिले पद्धतशीर विवेचन नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूज यांनी १९६५ मध्ये केले. काँगो, क्युबा व सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेतील वृत्तपत्रांत कशा आल्या, हे तपासून त्यांनी बारा निकष मांडले. घटनेचा आवाका, स्पष्टता, अनपेक्षितता, सांस्कृतिक जवळीक, प्रतिष्ठित व्यक्तींचा सहभाग आणि नकारात्मकता हे त्यांपैकी काही होत. ब्रिटनमधील टोनी हार्कप व डीआड्रे ओनील यांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये या यादीचा फेरविचार केला. दुसऱ्या वेळी समाजमाध्यमांवर बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता हा नवा निकष त्यांना जोडावा लागला.

स्थानिक पातळीवर या निकषांमध्ये ‘जवळीक’ सर्वांत वर येते. दूरच्या देशातील मोठ्या घटनेपेक्षा शेजारच्या गावातील पूल वाहून जाणे वाचकाला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याखालोखाल किती लोकांवर परिणाम होतो, प्रश्नाला वादाचे स्वरूप आहे काय, छायाचित्र मिळू शकते काय आणि बातमी आजच देण्याचे काही कारण आहे काय, हे पाहिले जाते.

शेवटचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वृत्तमाध्यमांची रचना घटनांसाठी आहे. हळूहळू वाढत जाणाऱ्या स्थितीसाठी नाही. हातपंप बंद पडून तीन आठवडे झाले, ही स्थिती होय. त्यासाठी महिलांनी पंचायत समितीवर हंडा मोर्चा काढला, ही घटना झाली. पहिल्याची बातमी क्वचितच होते, दुसऱ्याची हमखास होते. निवेदन, उपोषण, रास्ता रोको ही आंदोलनाची रूपे ग्रामीण भागात इतकी रूढ होण्यामागे अनेक कारणे आहेत. बातमीला लागणारी घटना त्यांतून उपलब्ध होते, हे त्यांतील एक. ज्या समूहाकडे मोर्चा काढण्याइतके संघटन नाही किंवा एक दिवसाची मजुरी बुडविण्याची ऐपत नाही, त्याचा प्रश्न मात्र स्थिती या स्वरूपातच पडून राहतो.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दुष्काळाच्या संदर्भात हाच भेद मांडला आहे. स्वतंत्र वृत्तपत्रे आणि लोकशाही असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी घडू देणे सरकारला परवडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याच वेळी, रोजची उपासमार व कुपोषण यांकडे हीच वृत्तपत्रे तितक्या सातत्याने लक्ष देत नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात युद्धकालीन निर्बंधांमुळे वस्तुस्थिती दडपली जात असताना कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्ट महिन्यात रस्त्यांवरील उपासमारीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. तोपर्यंत असंख्य माणसे मरण पावली होती. परंतु त्या छायाचित्रांनंतर ही आपत्ती नाकारणे शासनाला अशक्य झाले.

माहिती कोठून येते?

विषयाच्या निवडीवर वार्ताहराच्या दैनंदिन फेरीचा मोठा प्रभाव पडतो. पोलीस ठाणे, तहसील कार्यालय, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामीण रुग्णालय आणि न्यायालय ही स्थानिक वार्ताहराची ठरलेली ठिकाणे असतात. तेथे माहिती नियमितपणे, अधिकृतरीत्या आणि विनाखर्च मिळते. अधिकाऱ्याने दिलेल्या माहितीची जबाबदारी काही प्रमाणात त्याच्यावर राहत असल्याने वार्ताहरालाही सुरक्षितता वाटते. याउलट तालुक्याच्या टोकावरील वस्तीत जाऊन यायला अर्धा दिवस आणि पेट्रोलचा खर्च लागतो. तेथून बातमी मिळेलच, याची खात्री नसते. परिणामी स्थानिक पानावर गुन्हे, शासकीय घोषणा, उद्घाटने आणि राजकीय वक्तव्ये यांचे प्रमाण अधिक दिसते.

प्रसिद्धिपत्रकांचाही यात वाटा आहे. जिल्हा माहिती कार्यालय, राजकीय पक्ष, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था यांच्याकडून तयार मजकूर छायाचित्रासह येतो. मनुष्यबळ कमी असलेल्या कार्यालयात तो थोड्या फेरफाराने छापणे सोयीचे ठरते. ज्या समूहाला प्रसिद्धिपत्रक लिहिता येत नाही, तो येथेही मागे पडतो.

या अवलंबित्वातून मार्ग काढण्याची साधने मात्र अस्तित्वात आहेत. ग्रामसभा व नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, ठराव आणि इतिवृत्ते, लेखापरीक्षण अहवाल, निविदा सूचना आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मिळणारी कागदपत्रे हे स्थानिक पत्रकारितेचे भक्कम आधार आहेत. या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी बरीच माहिती मागणीविना स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. कागदपत्रावर आधारलेली बातमी नाकारणे संबंधितांना कठीण जाते, आणि मोर्चाची वाट न पाहता ‘स्थिती’चे रूपांतर बातमीत करता येते.

जिल्हा आवृत्त्या : जवळ आले, पण वेगळेही झाले

भारतीय भाषांमधील वृत्तपत्रांनी स्थानिक बातमीला दिलेले स्थान ही गेल्या काही दशकांतील महत्त्वाची घडामोड आहे. मराठीत डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेल्या परुळेकरांनी राजकीय मतप्रदर्शनापेक्षा सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाशी निगडित बातमीला महत्त्व दिले आणि गावोगावी वार्ताहर नेमण्याची पद्धत रुजविली. तेलुगूमध्ये ‘ईनाडू’ हे दैनिक १९७४ मध्ये विशाखापट्टणम येथून सुरू झाले. १९८० च्या दशकात त्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र पुरवणी देण्यास प्रारंभ केला. वार्ताहरांचे जाळे थेट मंडल पातळीपर्यंत पोहोचले. पुढे हिंदी, मराठी व अन्य भाषांतील अनेक दैनिकांनी हा मार्ग स्वीकारला.

त्याचा परिणाम आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात दिसून आला. साक्षरता मोहिमेच्या वर्गांमध्ये येणाऱ्या दुबगुंटा या गावातील महिलांनी गावातील अरकचे, म्हणजे स्वस्त देशी दारूचे, दुकान बंद पाडले. त्यांची कथा नवसाक्षरांच्या पाठ्यपुस्तकात आली आणि ती वाचून इतर गावांतील महिला पुढे आल्या. १९९२ मध्ये या आंदोलनाने जिल्हाभर जोर धरला, अरकविक्रीचे लिलाव रोखले गेले. ‘ईनाडू’ने या आंदोलनाच्या बातम्यांसाठी खास जागा राखून ठेवली. त्यामुळे एका गावातील घटना दुसऱ्या गावाला कळत गेली. १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्र प्रदेश सरकारने राज्यात अरकवर बंदी घातली.

हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. वृत्तपत्राने निवड केली म्हणून आंदोलनाला बळ मिळाले, हे खरे. परंतु हे दैनिक १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून तेलुगू देसम पक्षाला अनुकूल मानले जात होते आणि राज्यात त्या वेळी काँग्रेसचे सरकार होते, हेही तितकेच खरे. लोकहिताचा विषय आणि वृत्तपत्राची राजकीय भूमिका एका रेषेत आल्या की तो विषय झपाट्याने पुढे येतो. त्या परस्परविरोधी असतील तेव्हा काय होते, हा प्रश्न स्थानिक पत्रकारितेपुढे कायम राहतो. शिवाय दारूविरोधी आंदोलन मुळात महिलांनी उभे केले होते. वृत्तपत्राने ते घडविले नाही, त्याचा प्रसार केला.

जिल्हा आवृत्त्यांची आणखी एक मर्यादा अभ्यासकांनी नोंदविली आहे. एका जिल्ह्याची बातमी बहुधा त्याच जिल्ह्याच्या पानात राहते. दोन शेजारच्या जिल्ह्यांत एकाच नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न असला, तरी एकीकडची बातमी दुसरीकडच्या वाचकाला दिसत नाही आणि राजधानीतील निर्णयकर्त्यांपर्यंतही पोहोचत नाही. प्रश्न अनेकांचा असूनही तो प्रत्येक ठिकाणी एकट्याचा वाटतो.

जाहिरात, मानधन आणि ‘पेड न्यूज’

स्थानिक माध्यमांचे अर्थकारण विषयनिवडीवर थेट परिणाम करते. तालुका पातळीवरील अनेक वार्ताहर पूर्णवेळ नोकरीत नसतात. त्यांना तुटपुंजे मानधन किंवा बातमीमागे ठरलेली रक्कम मिळते. काहींना तीही मिळत नाही. वाढदिवस, सण आणि वर्धापनदिनाच्या पुरवण्यांसाठी जाहिराती मिळविण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले जाते आणि त्यावरील कमिशन हे त्यांचे मुख्य उत्पन्न ठरते. ज्या सरपंचाकडून, बांधकाम व्यावसायिकाकडून किंवा साखर कारखान्याकडून जाहिरात घ्यायची, त्याच्याच कारभाराविषयी लिहायचे, ही अडचण त्यातून उद्भवते. लहान साप्ताहिके व दैनिके शासकीय जाहिरातींवर मोठ्या प्रमाणावर अवलंबून असल्याने प्रशासनावरील टीकेलाही अदृश्य मर्यादा पडते.

याचे टोकाचे रूप म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हा प्रकार ठळकपणे चर्चेत आला. एकाच उमेदवाराची स्तुती करणारा समान मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत बातमी म्हणून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. भारतीय पत्रपरिषदेने नेमलेल्या परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने या विषयावर सविस्तर अहवाल तयार केला, आणि परिषदेने २०१० मध्ये आपला अहवाल स्वीकारला. रोख किंवा वस्तुरूप मोबदला घेऊन माध्यमांत दिलेली कोणतीही बातमी वा विश्लेषण म्हणजे ‘पेड न्यूज’, अशी व्याख्या परिषदेने केली. अशा प्रकरणांवर लक्ष ठेवण्यासाठी निवडणूक आयोगाने जिल्हा व राज्य पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समित्यांची व्यवस्था केली आहे.

पैसे देऊन बातमी छापून येते, इतकाच हा प्रश्न नाही. पैसे न देणाऱ्या उमेदवाराचे आणि त्याने मांडलेल्या लोकप्रश्नांचे अस्तित्वच पानावरून पुसले जाते, ही त्याची अधिक गंभीर बाजू आहे.

निवड करणारे कोण आहेत?

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रसृष्टीला दीर्घ परंपरा आहे. तथापि या परंपरेत सर्व समाजघटकांचे प्रश्न सारख्या प्रमाणात उमटले नाहीत. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधू’ सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यातून गिरणी कामगारांचे प्रश्न मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले आणि पहिल्याच अंकात प्रचलित वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतर जातींच्या हिताची पर्वा करीत नाहीत, ही तक्रार स्पष्टपणे नोंदविली. ज्यांच्या प्रश्नांची निवड होत नाही, त्यांना स्वतःचे वृत्तपत्र काढावे लागते, हा त्यामागील अनुभव होता.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. अनिल चमडिया, योगेंद्र यादव आणि जितेंद्र कुमार यांनी २००६ मध्ये दिल्लीतील ३७ राष्ट्रीय माध्यमसंस्थांमधील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची सामाजिक पार्श्वभूमी तपासली. निर्णय घेणाऱ्या या पदांवर अनुसूचित जाती वा अनुसूचित जमातीची एकही व्यक्ती त्यांना आढळली नाही. वृत्तबैठकीत बसणाऱ्यांपैकी कोणीही पाण्यासाठी रांगेत उभे राहिले नसेल, तर रांग हा विषय आहे, हे सुचण्यास वेळ लागतो.

उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडात याला वेगळे उत्तर मिळाले. चित्रकूट येथून २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतील वृत्तपत्र सुरू झाले. दलित, आदिवासी, मुस्लिम व मागास समाजांतील ग्रामीण महिलांनी बातम्या गोळा करण्यापासून अंक वाटण्यापर्यंतची सर्व कामे शिकून घेतली. रेशन दुकान, रोजगार हमीची मजुरी, रस्ता, वीज, महिलांवरील अत्याचार हे विषय त्यांनी प्रथमस्थानी आणले. २००९ मध्ये या उपक्रमाला युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा किंग सेजोंग पुरस्कार मिळाला. पुढे तो पूर्णपणे डिजिटल स्वरूपात आला. त्यावरील ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्कर पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचला. येथे वृत्तमूल्यांचे निकष बदलले नव्हते. जवळीक कोणाशी, हे बदलले होते.

समुदाय रेडिओ आणि दूरध्वनीवरील बातमी

लिहिता-वाचता न येणाऱ्या समूहांसाठी ध्वनिमाध्यम अधिक उपयुक्त ठरते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर केंद्र सरकारने प्रथम शैक्षणिक संस्थांना समुदाय रेडिओ केंद्र चालविण्यास मुभा दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. २००६ च्या सुधारित धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही हा मार्ग खुला झाला. तत्कालीन मेदक जिल्ह्यातील माचनूर येथे दलित महिलांनी चालविलेले ‘संगम रेडिओ’ केंद्र २००८ मध्ये प्रसारित होऊ लागले. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ हे केंद्रही त्याच सुमारास सुरू झाले.

समुदाय रेडिओवर स्वतःची बातमीपत्रे देण्यास परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या ठरलेल्या अटींवर प्रसारित करता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणी व वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम यांविषयीची माहिती मात्र देता येते. त्यामुळे पाणी कधी येणार, हे ही केंद्रे सांगू शकतात. पाणीपुरवठा योजनेचा निधी कोठे गेला, याचे वृत्त देणे त्यांना कठीण जाते.

छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने साध्या मोबाइल दूरध्वनीचा उपयोग केला. गोंडीसारख्या भाषेत बोलणारी व्यक्ती दूरध्वनी करून आपल्या गावाची समस्या ध्वनिमुद्रित करते. संपादन करणारे कार्यकर्ते तिची पडताळणी करतात आणि नंतर तो संदेश सर्वांना ऐकता येतो. संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक संदेशातच दिला जातो, जेणेकरून ऐकणाऱ्यांना थेट विचारणा करता यावी. विषय सुचविणारा आणि विषय मांडणारा येथे एकच असतो.

डिजिटल माध्यमांचा काळ

स्वस्त इंटरनेट आणि स्मार्टफोन यांमुळे तालुका पातळीवर यूट्यूब वाहिन्या, वृत्तसंकेतस्थळे आणि व्हॉट्सॲप गट मोठ्या संख्येने उभे राहिले. जागेची मर्यादा जवळजवळ संपली, परंतु लक्ष वेधण्याची स्पर्धा वाढली. कोणती चित्रफीत किती जणांनी पाहिली, हे संपादकाला त्याच क्षणी कळते. भांडण, अपघात आणि वादग्रस्त वक्तव्य यांना अधिक प्रेक्षक मिळतात. अंदाजपत्रकाचे विश्लेषण कमी पाहिले जाते. साखळीतील उपसंपादक नाहीसा झाल्याने पडताळणीचा टप्पाही अनेक ठिकाणी गळून पडला आहे. डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आचारसंहिता आणि तीन स्तरांची तक्रार निवारण व्यवस्था आखण्यात आली. छापील नियतकालिकांसाठी १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे.

काय वगळणे योग्य असते?

प्रत्येक वगळलेला तपशील हा पक्षपात नसतो. लैंगिक अत्याचारातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने मनाई आहे. बालकांच्या बाबतीत बाल न्याय कायदा आणि पॉक्सो कायदाही ती मनाई करतात. लहान गावात नाव न देता केवळ वस्ती, शाळा किंवा नातेवाइकाचा व्यवसाय सांगितला, तरी ओळख उघड होते. आत्महत्येच्या वृत्तांत पद्धतीचे वर्णन टाळणे, जातीय तणावाच्या वेळी अपुष्ट माहिती रोखून धरणे, आरोप झालेल्या व्यक्तीची बाजू घेतल्याविना बातमी न देणे, हीदेखील जबाबदार निवडच होय.

भीतीपोटी केलेली निवड मात्र वेगळी असते. वाळूउपसा, जमिनीचे व्यवहार, स्थानिक कंत्राटे यांविषयी लिहिणारा वार्ताहर ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्याच गावात राहतो. त्याच्या संरक्षणासाठी पत्रकार व प्रसारमाध्यम संस्थांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला.

नागरिकांनी काय करावे?

आपला प्रश्न माध्यमांपर्यंत नेताना काही गोष्टी उपयोगी पडतात. प्रश्न केव्हापासून आहे, किती कुटुंबांवर परिणाम होतो, कोणत्या कार्यालयाकडे कोणत्या तारखेला अर्ज दिला आणि काय उत्तर मिळाले, हे एका कागदावर थोडक्यात लिहावे. अर्जाची पोचपावती, ग्रामसभेचा ठराव, छायाचित्र सोबत जोडावे. प्रत्यक्ष बोलण्यास तयार असलेल्या दोन-तीन व्यक्ती सुचवाव्यात. एकाच वार्ताहरावर विसंबून न राहता संपादकांना पत्र लिहावे. बातमी आल्यानंतर पुढे काय झाले, हेही कळवावे. पाठपुराव्याच्या अनेक बातम्या केवळ माहितीअभावी राहून जातात.

वृत्तपत्राच्या निर्णयाविषयी तक्रार असल्यास प्रथम संपादकांना लेखी कळवावे. समाधान न झाल्यास भारतीय पत्रपरिषदेकडे दाद मागता येते. दैनिके, साप्ताहिके व वृत्तसंस्था यांच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत आणि अन्य नियतकालिकांच्या बाबतीत चार महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. एखादा मजकूर प्रसिद्ध न करणे आक्षेपार्ह असेल, तर त्याविषयीही तक्रार करता येते. परिषदेला दंड करण्याचा अधिकार नाही. ती समज देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते. परिषदेचे कार्यक्षेत्र वृत्तपत्रे व वृत्तसंस्था यांपुरते मर्यादित आहे.

मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपेल हिल येथे शंभर मतदारांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमांनी ज्या विषयांना अधिक स्थान दिले, तेच विषय मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. राष्ट्रीय प्रश्नांबाबत वाचकाला माहितीचे अनेक पर्याय असतात. तालुक्यातील पाणी, शाळा आणि दवाखाना यांविषयी ते फार थोडे असतात. तेथे एका वार्ताहराने एका दिवशी कोणत्या गावाचा रस्ता धरला, यावर त्या गावाचा प्रश्न जिल्ह्याचा होणार की गावातच राहणार, हे ठरत असते.